उरलेल्या विषाचा बंदोबस्त



स्मृतिव्याख्यानाला वाङ्मय, इतिहास किंवा तत्त्वचिंतन यांपैकीच एखादा विषय शोभतो अशी आपल्याकडे रूढ समजूत आहे, आणि या व्यासपीठावरून आजवर झालेली व्याख्याने त्या समजुतीला साजेशीच होती. मी आज निवडलेला विषय मात्र नगरपालिकेच्या सभेत विषयपत्रिकेच्या तळाशी असतो आणि बहुधा वेळेअभावी पुढील सभेवर ढकलला जातो. तो कचऱ्याचा विषय आहे. आणि कचऱ्यातही, ज्याच्या स्पर्शाने, धुराने किंवा पाझराने माणसाला, जनावराला आणि जमिनीला अपाय होतो अशा घातक कचऱ्याचा. ज्या महाराष्ट्राने हाती खराटा घेतलेल्या गाडगेबाबांना संत मानले, त्या महाराष्ट्रात या विषयाला कोणी कमी लेखील असे मला वाटत नाही. ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो आहोत त्यांनी विद्वत्तेइतकाच मान सार्वजनिक कामाला दिला होता. तेव्हा त्यांच्या नावाच्या व्याख्यानमालेत हा विषय परका ठरू नये.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. मोठी कारखानदारी नसलेल्या आपल्या परभणी जिल्ह्यात घातक कचऱ्याचा प्रश्नच नाही, तो तळोजा-ठाण्याकडच्या लोकांचा प्रश्न आहे, असे आपण धरून चाललो आहोत, आणि हे गृहीतच मुळात चुकीचे आहे. घातक कचरा आपल्याकडे आहे. तो एका आवारात साठलेला नसून शेकडो गावांच्या बांधांवर, उकिरड्यांवर, गॅरेजांच्या मागे आणि घराघरांच्या माळ्यांवर पसरलेला आहे. एका ठिकाणी साठलेल्या विषाला मालक असतो, त्याच्यावर परवान्याची अट घालता येते, निरीक्षक पाठवता येतो आणि कसूर झाल्यास खटला भरता येतो. विखुरलेल्या विषाला मालक कोण? त्याचा निरीक्षक कोण? त्याचा बंदोबस्त ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका आणि जिल्हा परिषद यांच्या नियोजनातूनच होऊ शकतो, आणि आजवर तो त्या नियोजनात आलेला नाही.

प्रथम शेताकडे जाऊ. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या तीन नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला हा जिल्हा कापसाचा आहे. मानवत आणि सेलूच्या बाजारपेठा कापसावरच उभ्या राहिल्या, आणि अलीकडे सोयाबीनने बरेच रान व्यापले असले तरी कापूस आणि तूर यांची फवारणी अद्याप आपल्या पावसाळ्याचा नित्य क्रम आहे. दुधनेकाठच्या एका शिवारात मी पाहिलेली फवारणी सांगतो. विहिरीच्या कडेलाच पाण्याची टाकी मांडलेली. औषधाच्या बाटलीचे टोपण हेच माप. दोन निरनिराळी औषधे त्या एकाच पाण्यात पडतात आणि तुराटीने ढवळली जातात. मग ते पाणी पाठीवरच्या पंपात. तोंडाला उपरणे, हात उघडे, पाय अनवाणी. रिकामी झालेली बाटली फवारणारा गडी बांधावरच्या बाभळीच्या बुडाशी टाकतो, कारण ती टाकायची जागा तीच, असे तेथे वर्षानुवर्षे ठरलेले आहे. त्या बुडाशी मागल्या हंगामांतल्या बाटल्याही होत्या. कागद गळून गेलेला, प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ झालेले, आणि एकीवर लाल त्रिकोणाची अर्धी खूण अजून टिकून. थोड्या अंतरावर बायका निंदणी करीत होत्या. कान असलेला मोठा डबा मात्र टाकलेला नव्हता. तो घरी नेऊन धुतला जातो आणि त्यात डिझेल किंवा आणखी काही भरून ठेवले जाते.

यात त्या गड्याचा दोष किती? त्याला दुसरी जागा कोणी दाखवली आहे? २०१७ सालच्या पावसाळ्यात शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकड्यांनी रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यातही थैमान घातले होते आणि फवारण्यांची संख्या वाढली होती. चौकशा झाल्या, हातमोजे आणि मुखपट्ट्या वाटल्या गेल्या, काही औषधांच्या विक्रीवर निर्बंध आले. परंतु फवारणीनंतर त्या हंगामातले डबे कोठे गेले, हा प्रश्न त्या साऱ्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही. माणूस मेल्यावर पंचनामा होतो. विहिरीचा पंचनामा होत नाही.

कायद्याने मात्र फार पूर्वी याचा विचार केला होता. १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाखाली १९७१ साली जे नियम झाले, त्यांत वापरलेली वेष्टने उघड्यावर टाकू नयेत, ती फोडावीत आणि वस्तीपासून दूर पुरावीत, असे स्पष्ट सांगितले आहे. पुरावीत ठीक, पण कोणत्या मातीत?

या प्रश्नावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण परभणीच्या नियोजनाचे मर्म त्यात आहे. आपली माती काळी कसदार, बेसाल्टच्या खडकापासून झालेली. ओल मिळाली की ती फुगते, आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. चैत्र-वैशाखात कोरडवाहू रानातून चालताना गुरांचा खूर अडकेल अशा या भेगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत, आणि कित्येकदा त्या हातभराहूनही खोल जातात. मृगाचा पहिला जोराचा पाऊस येतो तेव्हा भेगा अद्याप मिटलेल्या नसतात. पृष्ठभागावरचे जे काही असेल ते घेऊन पाणी सरळ खाली उतरते, आणि माती फुगून वाट बंद होईपर्यंत बरेच काही खाली गेलेले असते. खाली काय आहे? मुरूम, आणि त्याखाली सांधे आणि चिरा असलेला खडक. आपल्या विहिरींना पाणी येते ते या चिरांतूनच. वाळूच्या जाड थरातून पाणी झिरपताना जे थोडेफार गाळले जाते, तेही या चिरांत होत नाही. म्हणजे ज्या मातीने आपल्याला कापूस दिला, तीच विष पुरण्यासाठी विश्वास ठेवण्याजोगी नाही. विशेष तजवीज न करता या जमिनीत खड्डा खणून डबे पुरणे म्हणजे ते विहिरीच्या दिशेने रवाना करणे होय. या धोक्याविषयी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या माणसाला विचारा, तो सांगेल. विहीर खणणाऱ्या वडाराला विचारा, तोही सांगेल.

आणि विहिरीत न गेलेले जे वाहून जाते, ते ओढ्याने दुधनेला, दुधनेतून पूर्णेला आणि पूर्णेतून गोदावरीला मिळते. गोदावरी आपला जिल्हा सोडते ती नांदेडकडे जाण्यासाठी, आणि विष्णुपुरीच्या जलाशयाचे पाणी नांदेड शहर पिते. पुढे तेच पाणी तेलंगणात पोचमपाडच्या धरणात जाते. जनाबाईंच्या गंगाखेडात आपण गोदामाईची आरती करतो. त्याच नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या लक्षावधी लोकांच्या तोंडी काय जाते याची जबाबदारी त्या आरतीत अंतर्भूत आहे, असे मी मानतो.

शेताबाहेरचे घातक द्रव्य मी लवकर आटोपतो, त्याला महत्त्व कमी म्हणून नव्हे, तर त्याची ओळख सर्वांना आहे म्हणून. गॅरेजांतून आणि ट्रॅक्टरांतून निघणारे जळके ऑइल वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासले जाते, सेंट्रिंगच्या प्लेटांना लावले जाते, आणि उरलेले नालीत जाते. दीर्घकाळच्या भारनियमनाने आपल्या घराघरांत इन्व्हर्टर आणले, आणि प्रत्येक इन्व्हर्टरबरोबर निम्म्याहून अधिक वजन शिशाचे असलेली बॅटरी आली. पाऱ्याच्या ट्यूबलाइट आणि सीएफएल, मुदत संपलेल्या गोळ्या, रंगाचे डबे, मधुमेह्यांच्या इन्सुलिनच्या सुया, निकामी झालेले मोबाइल. यादी लांबवता येईल.

या यादीत एक भेद मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. जुनी बॅटरी दुकानदाराला परत दिली तर नव्या बॅटरीच्या किमतीत सूट मिळते, म्हणून ती बहुधा परत जाते; भंगारवाल्याच्या हाती लागली तर तो ती फोडतो, तेजाब जमिनीवर ओततो आणि शिसे वितळवतो, आणि त्या धुराचे परिणाम शेजारच्या मुलांच्या मेंदूवर होतात, हे खरे; तरी तिला परतीची एक वाट आहे, आणि ती वाट तिच्या किमतीने तयार केलेली आहे. औषधाच्या रिकाम्या बाटलीला, फुटक्या ट्यूबलाइटला किंवा सुईला भंगारात किंमत नाही. ज्याला बाजारात किंमत आहे ते परत फिरते, आणि ज्याला नाही ते आपल्या मातीत राहते. नियोजनाचे काम येथून सुरू होते: जेथे बाजार परतीची वाट काढीत नाही, तेथे ती शासनाने आणि स्थानिक संस्थेने काढायची.

या साऱ्याची किंमत आज कोण मोजतो, हेही सांगितले पाहिजे. घंटागाडीवर उभी असलेली सफाई कामगार भगिनी ओल्या-सुक्याची एकत्र बांधलेली पिशवी हाताने उघडते. तिच्या बोटात सुई रुतते, ट्यूबलाइटची काच घुसते, कधी एखाद्या डब्यातले उरलेले द्रव तळहातावर सांडते. मी एका कामगाराचे हात जवळून पाहिले आहेत: बोटांच्या पेरांची कातडी पांढुरकी आणि फाटलेली, हातमोजे घामाने चिकटतात म्हणून खिशात. लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींनी सफाई कामगाराची नोकरी त्याच्या वारसाला मिळण्याची सोय झाली. या सोयीमागचा न्याय मला मान्य आहे, परंतु पित्याच्या जागेबरोबर पित्याची व्याधीही पुत्राला मिळावी, ही व्यवस्था कोणत्या न्यायात बसते? रुग्णालयांच्या कचऱ्यासाठी आपण पिवळ्या, तांबड्या, पांढऱ्या आणि निळ्या वर्गांची शिस्त लावली. करोनाच्या साथीत ती शिस्त मोडणे जिवावर बेतू शकते हेही पाहिले. घराघरांतून निघणाऱ्या सुयांना आणि काचांना मात्र ती शिस्त लागू झाली नाही.

आता कायद्याकडे वळू. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला जे घडले त्यातून १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम झाला, त्याखाली १९८९ साली घातक कचऱ्याचे पहिले नियम झाले, आणि २००८ व २०१६ साली ते नव्याने लिहिले गेले. कारखान्यांसाठी हे नियम तपशीलवार आहेत. घातक द्रव्य कारखान्यातून निघते तेव्हा त्याच्याबरोबर सात प्रतींचे पत्रक निघते: पांढरी, पिवळी, गुलाबी, केशरी, हिरवी, निळी आणि करडी, कोणती प्रत कोणाच्या दफ्तरी जायची हे ठरलेले असते. निजामी अमदानीत अव्वल तालुकदाराच्या कचेरीतून तहसिलीकडे जाणाऱ्या कागदांची बारनिशी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. पण बांधावरच्या बाटलीबरोबर कोणती प्रत जाते?

घरगुती घातक कचऱ्याची दखल २०१६ च्या घनकचरा नियमांनी प्रथम नीट घेतली. ओला आणि सुका यांच्याबरोबर त्यांनी तिसरा वर्ग सांगितला, आणि रंगाची पिंपे, कीटकनाशकांचे डबे, ट्यूबलाइट, मुदतबाह्य औषधे, बॅटऱ्या, सुया यांसाठी दर वीस चौरस किलोमीटर क्षेत्राला एक संकलन केंद्र स्थानिक संस्थेने उघडावे, त्याच्या वेळा जाहीर कराव्यात, आणि जमलेला माल सुरक्षितपणे पुढे पोचवावा, असे बंधन घातले. परभणीसारख्या शहराला अशी दोन-तीन केंद्रे लागतील. मात्र त्या नियमांचा रोख शहरे, जनगणना-नगरे, औद्योगिक वसाहती, तीर्थक्षेत्रे अशा ठिकाणांवर होता; सामान्य खेड्याची ग्रामपंचायत त्यांच्या कक्षेबाहेर राहिली. कीटकनाशकाचा डबा ज्या यादीत आला ती यादी शहरासाठी होती, आणि डबा मात्र खेड्यात होता! २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १८ लाख ३६ हजार होती, आणि तीत परभणी शहर ३ लाख ७ हजारांचे. उरलेल्यांपैकी बहुसंख्य लोक खेड्यांत आहेत, आणि ही उणीव भरून काढणे त्यांच्यासाठी निकडीचे आहे.

ती भरून काढायला अधिकार नाहीत काय? अधिकार आहेत. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता हे विषय पंचायतींकडे आणि नगरपालिकांकडे सोपवले, आणि गाव व शहर यांच्या योजना एकत्र सांधण्यासाठी जिल्हा नियोजन समितीची तरतूद केली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली प्रत्येक जिल्ह्याने आपला पर्यावरण आराखडा करावा असा आदेश दिला; त्या आराखड्याच्या ठरीव नमुन्यात घातक कचऱ्याला स्वतंत्र प्रकरण आहे. पण तेथेही रकाने कारखान्यांच्या मोजमापाचे: किती कारखाने, वर्षाला किती टन. ज्या तालुक्यात असा कारखाना नाही, त्याच्या रकान्यात 'निरंक' लिहिले जाते आणि गोषवारा पूर्ण होतो. लिहिणारा कारकून खोटे लिहीत नाही. रकान्यात जे विचारले त्याचे उत्तर त्याने दिले. चूक रकान्याची आहे, आणि रकाना बदलणे हे आपले काम आहे.

मग आराखड्यात काय असावे? सर्वप्रथम मोजदाद. कीटकनाशके विकणाऱ्या प्रत्येक कृषी सेवा केंद्राला परवाना लागतो आणि साठ्याची नोंदवही ठेवावी लागते. तालुक्यात हंगामात किती बाटल्या विकल्या गेल्या हे त्या नोंदवह्यांची बेरीज केली तर कळते. नवे सर्वेक्षण नको, सल्लागार नको. विक्रीची नोंद आहे, परतीची नाही. त्याच वहीत परतीचा एक रकाना वाढवला, आणि पंचायत समितीच्या कृषी विभागाने साठ्याबरोबर तोही तपासला, तर पहिल्याच वर्षी जिल्ह्यापुढे खरा आकडा येईल. मुदत संपलेला जो माल दुकानाच्या मागच्या खोलीत पडून असतो त्याचीही रुजुवात याच वेळी व्हावी. तो वेगळा ठेवून त्यावर तसा शिक्का मारण्याचे बंधन आजही आहे.

दुसरी गोष्ट परतीच्या जागेची. प्रत्येक गावात केंद्र काढणे ग्रामपंचायतीला पेलणारे नाही, आणि तालुक्याच्या गावी केवळ बाटल्या द्यायला कोणी शेतकरी जाणार नाही. पण तो कापूस, तूर, सोयाबीन घेऊन बाजार समितीत जातोच. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड, पूर्णा, ज्या ज्या बाजार समितीच्या आवारात मालाची गाडी येते, तेथे पक्क्या फरशीची, छपराची, चहूबाजूंनी बांध घातलेली आणि कुलपाची एक खोली असावी; बाटली शेतावरच तीन वेळा खंगाळून, ते पाणी पंपातच ओतून, बूड भोसकून आणावी, आणि मापाड्याने वजनाबरोबर पोच द्यावी. ब्राझीलने हे करून दाखवले आहे. तेथे २००० सालच्या कायद्याने शेतकऱ्याने डबे धुऊन परत करणे, दुकानदाराने परतीचे ठिकाण पावतीवरच लिहिणे आणि उत्पादकांनी ते डबे पुढे नेणे, अशी कामाची वाटणी केली. उत्पादकांनी त्यासाठी एक संस्था स्थापन केली, आणि आज तेथे नव्वद टक्क्यांहून अधिक प्लॅस्टिक डबे परत येतात. ब्राझीलचा शेतकरी आपल्या शेतकऱ्याहून अधिक शिस्तीचा आहे असे मी मानीत नाही. त्याला जागा दाखवली गेली, आणि पावतीवर ती लिहिली गेली.

तिसरी गोष्ट पुढच्या प्रवासाची, आणि येथे मराठवाड्याची एक जुनी तक्रार मला नव्याने मांडायची आहे. घातक कचऱ्यावर प्रक्रिया करून तो सुरक्षितपणे पुरण्याची महाराष्ट्रातील मोठी ठिकाणे म्हणजे तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी. मराठवाड्याच्या वाट्याला यांपैकी एकही आलेले नाही. परभणीहून ती सारीच शेकडो किलोमीटर दूर आहेत. दांडेकर समितीने १९८४ साली आपल्या अहवालात रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांतला मागास भागांचा अनुशेष मोजला, आणि त्या शब्दाभोवती आपले दोन पिढ्यांचे राजकारण फिरले. अनुशेषाच्या त्या हिशेबात कचऱ्याच्या सुरक्षित निर्गतीला जागा नव्हती, कारण तेव्हा तो प्रश्न कोणाला दिसत नव्हता. आज तो दिसतो. तेव्हा परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, बीड, जालना या जिल्ह्यांनी मिळून एक सामायिक संकलन-आणि-रवानगी केंद्र मागावे, आणि ते अनुशेषाचा भाग म्हणून मागावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हिंगोली १ मे १९९९ पर्यंत आपलाच भाग होता; पूर्णेचे पाणी अद्याप जिल्ह्याची सीमा ओळखत नाही.

परंतु असे केंद्र मागताना एक गोष्ट आपण विसरता कामा नये. ते कोणाच्या दारात उभे राहणार? कचऱ्याच्या प्रकल्पाला जागा हवी असली की महसुली दफ्तरात बोट गायरानावर जाते, कारण ती जमीन सरकारी, भूसंपादन नको, मोबदला नको. मराठवाड्यात गायरान कसणारे लोक कोण आहेत? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली ज्यांनी भूमिहीनांच्या जमिनीसाठी तुरुंग भरले, त्यांची मुले-नातवंडे तेथे आहेत. जिल्ह्याचे विष साठवण्यासाठी जिल्ह्यातल्या सर्वांत दुबळ्या माणसाची जमीन निवडणे हा नियोजनाचा सोपा मार्ग आहे, आणि म्हणूनच तो निषिद्ध मानला पाहिजे. जागा ठरवताना खडक, भूजल आणि वस्ती यांचा विचार प्रथम व्हावा, ग्रामसभेला कागद तिच्या भाषेत वाचून दाखवले जावेत, आणि विहिरींची तपासणी प्रकल्पाच्या आधी व नंतर, दोन्ही वेळा, त्या गावाच्या चावडीवर लावली जावी. असे झाले तर विरोध कमी होईल. न झाल्यास विरोध करणारे गाव बरोबर आहे असे मी म्हणेन.

पैशाचे काय, असे कोणी विचारील. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात पंचायतींना दिलेल्या अनुदानातील साठ टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच बांधून दिली होती. विहिरीच्या बाजूच्या बाटल्या गोळा करणे हे पाणी आणि स्वच्छता या दोन्ही कामांत बसत नाही काय? एका कुलपाच्या खोलीला किती खर्च येतो? जिल्हा नियोजन समितीने एका वर्षी यासाठी स्वतंत्र शीर्ष उघडले, तर आपल्या नऊही तालुक्यांतल्या खोल्या बांधून होतील. अडचण पैशाची नाही. अडचण अशी आहे की आजवर कोणी हे काम मागितले नाही.

आणि उशीर केला तर काय होते? भोपाळच्या कारखान्यात १९८४ नंतर जो घातक माल पडून राहिला, तो हलवायला देशाला चाळीस वर्षे लागली. १ जानेवारी २०२५ च्या रात्री ३३७ टन माल बारा बंद कंटेनरांतून भोपाळहून निघाला आणि धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला पोचला. तेव्हा पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले, कारण दुसऱ्याचे विष आपल्या गावात का, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता आणि त्यांना आधी कोणी विश्वासात घेतले नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या मालाची जागा सर्वांना ठाऊक होती, ज्याचे वजन झाले होते, ज्यावर न्यायालयांचे हुकूम होते, त्याची ही गत. आपल्या बांधांवरच्या बाटल्यांची तर जागाही कोठे नोंदलेली नाही.

कृषी विद्यापीठ १९७२ पासून या शहरात आहे. मातीत आणि पाण्यात औषधांचे अंश किती, हे तपासण्याचे ज्ञान असलेली माणसे येथेच आहेत. प्रत्येक तालुक्यातल्या काही विहिरी निवडून पावसाळ्याच्या आधी आणि नंतर त्यांचे पाणी तपासावे, आणि ते निष्कर्ष जिल्हा परिषदेच्या सभेत वाचले जावेत, अशी माझी विद्यापीठाला जाहीर विनंती आहे.

आणि आपणा सर्वांना एक विनंती. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी आपापल्या गावी ग्रामसभा भरते. येणाऱ्या ग्रामसभेच्या आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन 'फवारणीचे रिकामे डबे व घातक कचरा यांचे संकलन' हा विषय विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. गावातल्या कृषी सेवा केंद्राच्या चालकाला सभेला बोलवा, सफाई करणाऱ्या माणसाला बोलवा, आणि ज्या बायका औषध मारलेल्या रानात निंदायला जातात त्यांना बोलू द्या. डबे कोठे जमवायचे, किल्ली कोणाकडे राहायची आणि बाजार समितीपर्यंत ते कोणी न्यायचे, एवढे तीन मुद्दे असलेला ठराव करा. त्याची प्रत पंचायत समितीला आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला पाठवा, तिची बारनिशीत नोंद करवा, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून परत फिरू नका.